रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून दुखणे खोटे ठरते काय?



आपल्या वस्तीतल्या चार बाया एकत्र बसल्या की दुखण्याच्या गोष्टी निघतातच. कोणाचे गुडघे, कोणाची कंबर, कोणाचे डोके. पण त्यांत एखादी अशी असते की तिला विचारले, "बाई, दुखते कुठं?" तर ती सांगते, "कुठं म्हून सांगू? सारं आंगच ठणकते." मान, खांदे, पाठ, कंबर, मांड्या, सगळे एकाच वेळी. रात्री नीट झोप नाही. लागली तरी सकाळी उठताना अंगात जीव नसतो. दवाखान्यात नेले, रक्त तपासले, एक्स-रे काढला. रिपोर्ट नॉर्मल. त्या दिवसापासून घरातली माणसे तिच्याकडे वेगळ्याच नजरेने पाहू लागतात. सासू म्हणते, "कागदात तं काहीच नाही निंघालं, मंग दुखते कायले?" नवरा म्हणतो, "कामाचा कंटाळा, दुसरं काय?" शेजारीण हळूच सुचवते, "हिले बाहेरचं पाहा एखाद्या वेळी."

अशा दुखण्याच्या एका प्रकाराला वैद्यकशास्त्रात फायब्रोमायल्जिया म्हणतात. नाव जड आहे, पण अर्थ साधा आहे : स्नायू आणि त्यांच्या भोवतालच्या तंतूंमधील वेदना. हा आजार खरा की मनाचा खेळ, हा प्रश्न केवळ वर्धेच्या किंवा हिंगणघाटच्या वस्तीतच विचारला जातो असे नाही. मोठमोठे डॉक्टरही त्यावर अनेक दशके भांडत आले आहेत. त्या भांडणात नेमके काय आहे, हे आपण समजून घेतले पाहिजे. कारण त्याची झळ आपल्या आयाबहिणींना लागते.

दुखणे कसे असते?

या आजारात तीन महिने किंवा त्याहून जास्त काळ अंगाच्या अनेक भागांत दुखते. सोबत थकवा असतो. झोप होते, पण विश्रांती मिळत नाही. लक्ष लागत नाही, आठवत नाही; दुकानात गेल्यावर काय आणायचे होते तेच सुचत नाही. कोणाचे डोके दुखते, कोणाचे पोट बिघडते. कधी कोणी साधा हात धरला तरी कळ येते. थंडीत, जागरणाने, काळजीने दुखणे वाढते. एखादा दिवस बरा जातो. त्या दिवशी ती बाई अंगण झाडते, चार धुणी धुते, आणि पाहणारे म्हणतात, "पाहा, काल मरत होती, आज कशी चांगली आहे!" दुसऱ्या दिवशी ती पुन्हा अंथरुणावर असते, हे पाहायला मात्र कोणी येत नाही.

या आजाराने सांधे झिजत नाहीत, हाडे वाकत नाहीत, जीवही जात नाही. म्हणूनच त्याला कोणी मोजत नाही. पण रोजची मजुरी, घरातली शांती आणि माणसाचा स्वतःवरचा विश्वास हे सारे तो हळूहळू खाऊन टाकतो.

निरनिराळ्या देशांतल्या पाहण्यांत शंभर प्रौढांमागे साधारण दोन ते चार जणांना हा आजार आढळला आहे. त्यांत बायका जास्त आहेत, पण पुरुषांनाही तो होतो. २०११ च्या जनगणनेत वर्धा जिल्ह्याची लोकसंख्या तेरा लाख होती. त्यांत आठ-नऊ लाख प्रौढ धरले आणि शंभरी दोनच घेतले, तरी सोळा-अठरा हजार माणसे होतात. ही मोजणी नाही, कारकुनी हिशोब आहे. पण ही एखाद-दुसऱ्या बाईची गोष्ट नाही, एवढे त्यावरून कळते.

शंका डॉक्टरांनाच होती

१९०४ साली लंडनचे डॉ. विल्यम गॉवर्स यांनी अशा दुखण्याला 'फायब्रोसायटिस' हे नाव दिले. त्याचा अर्थ, तंतूंना आलेली सूज. पुढे डॉक्टरांनी स्नायूंचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली तपासले, तर सूज दिसेना. सूजच नाही तर नाव चुकीचे, आणि नाव चुकीचे तर आजारही नाही, असे अनेकांनी धरून टाकले. १९७६ साली सूज हा शब्द काढून 'फायब्रोमायल्जिया' हे नाव पुढे आले. १९८१ साली अमेरिकेत काम करणारे, मूळ बांगलादेशचे डॉ. मुहम्मद युनूस यांनी रुग्ण आणि निरोगी माणसे समोरासमोर ठेवून या आजाराच्या लक्षणांचा पद्धतशीर अभ्यास मांडला. (नोबेल मिळालेले युनूस वेगळे.)

१९९० साली अमेरिकेतल्या संधिवात-तज्ज्ञांच्या संस्थेने नियम ठरवला. अंगावरच्या १८ ठरावीक जागा बोटाने साधारण चार किलोच्या जोराने दाबायच्या. त्यांपैकी ११ जागा दुखल्या आणि तीन महिन्यांपासून सर्वांगात वेदना असली, तर फायब्रोमायल्जिया म्हणायचे. या कामात डॉ. फ्रेडरिक वुल्फ पुढे होते. आणि गंमत पाहा, हेच वुल्फ पुढे शंका घेणाऱ्यांत गेले. २००८ साली त्यांनी वर्तमानपत्राजवळ उघड सांगितले की याला स्वतंत्र रोग म्हणणे बरोबर नाही; ताण, उदासी, आर्थिक आणि सामाजिक चिंता यांना शरीराने दिलेले ते उत्तर आहे.

त्याच सुमारास औषध कंपन्यांवरही बोट रोखले गेले. २००७ साली अमेरिकेच्या सरकारी औषध-नियंत्रकांनी प्रीगॅबलिन हे औषध या आजारासाठी मंजूर केले, पाठोपाठ आणखी दोन औषधे झाली. युरोपच्या नियंत्रकांनी मात्र या आजारासाठी ती मंजुरी दिली नाही. "औषध विकायसाठी रोग तयार केला" असे लोक म्हणू लागले. कंपन्यांचा नफा डोळ्यांत तेल घालून पाहावा, हे बरोबरच. पण १९०४ साली गॉवर्स यांच्यासमोर कण्हणाऱ्या माणसाला कोणी प्रीगॅबलिन विकत नव्हते. दुखणे आधीचे आहे, औषध नंतरचे.

आता मुद्द्याचे सांगतो. इथे दोन प्रश्न आहेत. पहिला : या माणसाला दुखते हे खरे आहे काय? दुसरा : या दुखण्याला एक वेगळा रोग म्हणावे, की अनेक कारणांनी होणाऱ्या त्रासाला दिलेले हे एक नाव समजावे? तज्ज्ञांचा खरा वाद दुसऱ्या प्रश्नावर आहे. वुल्फ यांनीही रुग्ण सोंग करतात असे म्हटले नव्हते. पण मोठ्या शहरातला हा वाद फिरत फिरत आपल्या गल्लीत येतो, तेव्हा त्याचा पहिला प्रश्न होऊन बसतो, आणि दुखणारीलाच खोटे ठरवले जाते.

तपासणीत काय दिसले?

रोजच्या रक्ततपासणीत हा आजार दिसत नाही, हे खरे. पण म्हणून संशोधनात काहीच सापडले नाही असे नाही.

कॅनडाचे डॉ. मोल्डोफ्स्की यांनी १९७५ साली निरोगी माणसांना रात्री गाढ झोप लागू दिली नाही. गाढ झोप लागते असे वाटले की आवाज करायचा. थोड्याच दिवसांत त्या धडधाकट माणसांचे अंग दुखू लागले, दाबले की कळ येऊ लागली. झोप आणि अंगदुखी यांचे नाते त्यातून दिसले.

१९९४ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी रुग्णांच्या पाठीच्या कण्यातले पाणी तपासले. वेदनेचा निरोप पोचवणारा 'सबस्टन्स पी' नावाचा पदार्थ त्यांच्यात निरोगी माणसांच्या जवळपास तिप्पट निघाला.

२००२ साली डॉ. ग्रेसली, डॉ. क्लॉ आणि सहकाऱ्यांनी १६ रुग्ण आणि १६ निरोगी माणसे घेतली. अंगठ्याच्या नखावर मोजून दाब दिला, आणि त्याच वेळी मेंदूचा कोणता भाग जागा होतो हे एमआरआय यंत्रावर पाहिले. निरोगी माणसाला बराच जास्त दाब दिल्यावर मेंदूत जे दिसत होते, ते रुग्णाच्या मेंदूत थोड्याच दाबाने दिसले. सोंग तोंडाने करता येते, मेंदूच्या चित्रात करता येत नाही. रेडिओचे बटण कोणी पूर्ण फिरवून ठेवावे आणि हळू बोलणेही कानठळ्या बसवावे, तसे या रुग्णांच्या मज्जासंस्थेचे होते. धक्का लहान असतो, वेदना मोठी असते.

२०२१ साली लंडन, लिव्हरपूल आणि स्वीडनच्या संशोधकांनी रुग्णांच्या रक्तातली प्रतिपिंडे उंदरांना टोचली. उंदरांना दाब आणि थंडी जास्त बोचू लागली, त्यांचे बळ आणि हालचाल कमी झाली. निरोगी माणसांच्या प्रतिपिंडांनी तसे झाले नाही. उंदराला तर सासुरवास नाही, कामाचा कंटाळाही नाही!

यातून आजाराचे एकच कारण सापडले असे मात्र समजू नये. कोणात घराण्याची ओढ, कोणात जुना अपघात किंवा आजार, कोणात वर्षानुवर्षांचा ताण आणि मारहाण, कोणात जागरण, असे अनेक धागे एकत्र येतात. शोध चालू आहे. २०१० साली १८ जागा दाबण्याची अट गेली. आता अंगाच्या १९ भागांपैकी कुठे कुठे दुखते, थकवा किती, झोप कशी, हे विचारून डॉक्टर निदान करतात. वेदनेचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०२० साली वेदनेची व्याख्या नव्याने लिहिली. तिच्या टिपेत म्हटले आहे की माणूस दुखते असे सांगतो, तेव्हा त्या सांगण्याचा मान राखला पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीतही हे नाव आहे.

सिकलसेलने शिकवलेला धडा

हे सारे आपल्याला परके वाटायचे कारण नाही. विदर्भातल्या आपल्या बौद्ध कुटुंबांनी आणि आदिवासी बांधवांनी न दिसणारे दुखणे पिढ्यान्‌पिढ्या भोगले आहे. त्याचे नाव सिकलसेल. पोर रात्रभर हातपाय धरून रडायचे. कोणी म्हणे वात, कोणी म्हणे करणी, गुरुजी म्हणत शाळेचे सोंग. रोग मात्र रक्तात होता. अमेरिकेत १९१० साली त्याचे पहिले वर्णन झाले. भारतात १९५२ साली निलगिरीच्या आदिवासींत तो आढळला, आणि नागपूरच्या डॉक्टरांनी १९५८ साली आपल्या भागातली नोंद छापली. म्हणजे १९५८ च्या आधी आपल्याकडे जी लेकरे कळवळून गेली, त्यांचे दुखणे खोटे होते काय? तपासणी आपल्यापर्यंत पोचली नव्हती, एवढेच.

पुढे नागपूरच्या संपत रामटेके यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी सिकलसेलचा आवाज उठवला. त्यांना २०१८ साली पद्मश्री मिळाली. २०१६ च्या अपंग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत सिकलसेल आले. २०२३ साली देशपातळीवर सिकलसेल निर्मूलनाची मोहीम सुरू झाली. फायब्रोमायल्जियाचे नाव त्या २१ प्रकारांत नाही, त्यामुळे केवळ त्याच्या नावाने प्रमाणपत्र मिळत नाही.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. सिकलसेलचा रिपोर्टही रोग आहे एवढेच सांगतो. आज रात्री किती दुखते, हे त्या कागदावर नसते. ते रुग्णालाच विचारावे लागते. वेदना मोजायची काटा-तराजू कोणत्याच आजारात नाही.

कोणाचे दुखणे मोजले जाते?

मी पेशाने कारकून. कागद नसेल तर आमच्या टेबलावर काम पुढे सरकत नाही. कचेरीत ते चालते. घरात मात्र आपण कारकून होऊन बायकोला, सुनेला, मजुरी करणाऱ्या भावाला दुखण्याचा दाखला मागू लागलो, तर ते बरे नाही.

दिवसभर वाकून निंदण, मग कापसाचा वेचा, सोयाबीनची सोंगणी, डोक्यावर भारा, घरी येऊन चूल. अशा अंगाने "दुखते" म्हटले की उत्तर ठरलेले असते : काम केले की दुखणारच. पुणे जिल्ह्यातल्या भिगवण गावात १९९६ पासून डॉ. अरविंद चोपडा यांनी घरोघरी पाहणी केली. चार हजारांवर प्रौढांत शंभरी सुमारे १८ जणांना सांधे-स्नायूंचे दुखणे होते. त्यांत आमवाताचे रुग्ण शंभरात एकापेक्षाही कमी. मोठा भाग सांध्यांच्या झिजेचा आणि स्नायू-तंतूंच्या दुखण्याचा होता.

गोव्यातल्या एका आरोग्य केंद्राच्या हद्दीतल्या बायकांचा अभ्यास २००५ साली प्रसिद्ध झाला. शंभरातल्या बाराजणी सहा महिन्यांहून जास्त काळ थकव्याने त्रस्त होत्या. सगळ्यांना वाटेल, रक्त कमी असेल. पण थकव्याचा संबंध हिमोग्लोबिनशी लागला नाही. तो गरिबी, नवऱ्याचा छळ आणि मनावरचा भार यांच्याशी लागला. "मनाचे आहे" म्हणून हे सोडून द्यायचे काय? मनावरचा भार शरीर वाहते. कर्ज, दारू आणि मारहाण यांनी आलेले दुखणे खोटे नसते.

शंकेचा फायदा कोण घेतो?

घरात विश्वास मिळाला नाही की माणूस दारोदार फिरतो. एकीकडे अंगारा-धागा देणारा बाबा बसलेलाच आहे. करणी काढतो म्हणून फसवणाऱ्यांविरुद्ध महाराष्ट्रात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे, हे विसरू नका. दुसरीकडे पुडीत बांधलेल्या बिननावाच्या गोळ्या देणारे आहेत. अशा पुड्यांत पुष्कळदा स्टेरॉइड असते. दोन दिवस बरे वाटते, पुढे तोंड सुजते, साखर वाढते, हाडे ठिसूळ होतात. फायब्रोमायल्जियात स्टेरॉइडचा उपयोग नाही. रोज दुखण्याच्या गोळ्या खाल्ल्या तर किडनी आणि पोट बिघडते, आणि या आजारात त्यांचा फायदाही फारसा होत नाही. आठवड्याला सलाईन लावून घेणे म्हणजे निव्वळ पैसे घालवणे.

काय करावे?

पहिली गोष्ट, सारे अंग दुखते म्हणजे फायब्रोमायल्जियाच, असे घरी बसून ठरवू नका. थायरॉइड कमी असणे, ड जीवनसत्त्वाची कमतरता, रक्त कमी असणे, साखर, आमवात, सिकलसेल यांतही अंग दुखते, आणि त्यांवर वेगळे उपचार आहेत. सांधा सुजला, ताप राहू लागला, वजन उतरले, हातापायातली शक्ती गेली, तर लगेच दाखवा.

आपल्या जिल्ह्यात त्यासाठी सोय आहे. वर्धेचे जिल्हा सामान्य रुग्णालय आहे. १९६९ साली डॉ. सुशीला नायर यांनी सुरू केलेल्या वैद्यकीय महाविद्यालयाचे सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय आहे. सावंगी (मेघे) येथे आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय आहे. मेडिसिन विभागात दाखवा. किती महिने दुखते, कुठे कुठे, झोप कशी, कोणती गोळी घेतली, हे कागदावर लिहून न्या. जुने सारे रिपोर्ट एका पिशवीत ठेवा, म्हणजे त्याच तपासण्यांवर पुन्हा पैसे जाणार नाहीत.

निदान झाले तर घाबरू नका. युरोपच्या संधिवात-तज्ज्ञांनी २०१७ साली सगळे उपाय तपासले. ज्याची ठाम शिफारस करता आली, असा उपाय एकच निघाला : व्यायाम. त्याला पैसा लागत नाही. पण "शेतात काम करतो, तोच व्यायाम" हे बरोबर नाही. एकाच बाजूने वाकून राहणे वेगळे आणि मोकळ्या अंगाने चालणे वेगळे. पहिल्या आठवड्यात रोज दहा मिनिटे चालावे, मग हळूहळू वाढवावे. बरे वाटले त्या दिवशी सारे काम उरकू नये, दुखले त्या दिवशी सारे सोडू नये. फिजिओथेरपी विभागात अंग ताणायचे प्रकार शिकवतात. झोपायची वेळ ठरवावी, संध्याकाळनंतर चहा टाळावा. अॅमिट्रिप्टिलीन, प्रीगॅबलिन, ड्युलोक्सेटिन ही औषधे काहींना उपयोगी पडतात, काहींना नाही. ती डॉक्टरांच्या सांगण्यानेच घ्यावीत आणि मनाने बंद करू नयेत. पूर्ण बरे होण्याची हमी कोणी दिली तर त्याच्यापासून दूर राहा. पण त्रास कमी होतो, माणूस पुन्हा कामाला लागतो, हे मात्र खरे आहे.

घरच्यांचे काम

रुग्णाला फुलासारखे जपा असे मी म्हणत नाही. सारे काम हातातून काढून घेतले तर तिचे दुखणे वाढेलच. पण पाण्याची घागर मुलगा आणू शकतो, पीठ नवरा मळू शकतो, आणि संध्याकाळी चालायला सासू सोबत जाऊ शकते. "खरंच दुखते का?" हे विचारण्यापेक्षा "आज काल्हच्यापेक्षा कसं आहे?" असे विचारा. डॉक्टरकडे जाताना एकाने सोबत जावे, म्हणजे ऐकलेले दोघांच्या लक्षात राहते.

शंका घेणे वाईट नाही. शंका घेतल्याशिवाय ज्ञान पुढे जात नाही, आणि या आजाराची जी माहिती आज आहे ती शंका घेणाऱ्यांनीच मिळवली. पण त्यांनी शंका घेतली आणि मग तपासणी केली. आपण शंका घेतो आणि तिथेच थांबतो. वरून दुखणाऱ्या माणसाला नाव ठेवतो.

आपल्या महिला मंडळाच्या पुढच्या बैठकीत हा लेख वाचून दाखवावा, ही विनंती. वाचून झाल्यावर कोणी बाई कोपऱ्यातून म्हणाली, "माह्यंही असंच होते," तर तिला बोलू द्या. आणि पुढच्या ओपीडीच्या दिवशी तिच्यासोबत कोण जाणार, हे त्याच बैठकीत ठरवा.